जीएलपी-२ विषयीही लिहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे जीएलपी-१ या संप्रेरकाचे (हॉर्मोनचे) नाव मुंबईत आता लोकलच्या डब्यातही ऐकू येते. त्याच मूळ प्रथिनापासून आणि आतड्याच्या अस्तरातील त्याच संप्रेरक सोडणाऱ्या ‘एल-पेशीं’मध्ये तयार होणाऱ्या जीएलपी-२ या त्याच्या भावंडाविषयी मात्र मराठीत फारसे लिहिले जात नाही. अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यामुळे मला ही उणीव जाणवते, कारण रक्तपुरवठा घटल्यावर आतड्याला सावरण्याची क्षमता या ३३ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये (प्रथिनासारख्या छोट्या साखळीत) दिसून आली आहे.

मोठा रक्तस्राव झाला किंवा जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला की शरीर मेंदू आणि हृदयाला सांभाळण्यासाठी आतड्याच्या वाट्याचे रक्त कमी करते. लहान आतड्याच्या अस्तरावर जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे असंख्य अंकुर असतात. त्यांच्यात वर जाणारी सूक्ष्म धमनी आणि खाली येणारी शीर इतक्या जवळून जातात की काही प्राणवायू वाटेतच एकीतून दुसरीत निसटतो. टोकाला तो मुळातच कमी पोहोचत असल्याने रक्त आटले की पहिला घाव टोकावरच बसतो. अस्तर सोलवटले की आतड्यातले जंतू आणि विषारी द्रव्ये रक्तात शिरण्याचा धोका वाढतो, आणि रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यावर निर्माण होणारी मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, फ्री रॅडिकल्स) इजेत आणखी भर घालतात.

जीएलपी-२ मुळे आतड्याचे अस्तर वाढते, हे टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. पुढे असेही आढळले की ते नायट्रिक ऑक्साइडच्या मदतीने आतड्याच्या रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तप्रवाह वाढवते. आतड्याची धमनी काही काळ बंद करून पुन्हा मोकळी केलेल्या उंदरांमध्ये, हे पेप्टाइड दिल्यास अस्तराची हानी कमी झाली. माणसात मात्र या कामासाठी ते अजून औषध झालेले नाही. रक्तातील एक विकर (एन्झाइम) नैसर्गिक जीएलपी-२ चे काही मिनिटांतच तुकडे करते. त्यातील एक अमिनो आम्ल बदलून बनवलेल्या, अधिक काळ टिकणाऱ्या टेड्युग्लुटाइड या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, तीही आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांसाठी. पेशींची वाढ घडवणारे हे औषध असल्याने प्रौढांना ते देण्यापूर्वी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी लागते. म्हणून ‘आतडे दुरुस्त करणारी पेप्टाइडे’ म्हणून जे काही ऑनलाइन विकले जाते, त्यापासून वाचकांनी दूरच राहावे, असे मी आग्रहाने सांगते. गुठळीने आतड्याची धमनी बंद झाली असेल तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन) आणि तातडीची शस्त्रक्रिया किंवा गुठळी काढण्याचा उपचार हाच मार्ग असतो, आणि तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट साधी आहे: एल-पेशी जीएलपी-२ सोडतात ते मुख्यतः आतड्यात अन्न आल्यावर. केवळ शिरेवाटे पोषण दिलेल्या प्राण्यांत अस्तर झिजते आणि जीएलपी-२ दिल्यास ती झीज कमी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. अतिदक्षता विभागात रक्तदाब स्थिरावल्यावर डॉक्टर शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच रायल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून) तासाला १०-२० मिलिलिटर इतके थोडे अन्न सुरू करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक पुष्कळदा ‘पोटाला विश्रांती द्या, सलाइनवरच ठेवा’ असा हट्ट धरतात. त्यांची काळजी मला समजते, परंतु रिकाम्या आतड्याला विश्रांती मिळत नाही, त्याची उपासमार होते. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांचा मोठा डोस चालू असताना मात्र हेच अन्न घातक ठरू शकते. त्यामुळे ते केव्हा सुरू करायचे हा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

आपल्या आरोग्य पुरवणीत पोटविकारतज्ज्ञ आणि अतिदक्षतातज्ज्ञ यांच्याकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, आणि त्यात नळीवाटे अन्न देण्याविषयी नातेवाइकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, ही विनंती.

– एक निवृत्त अध्यापिका, मुलुंड (पूर्व), मुंबई