गडाआधी टेकडी

नाशिक,
सप्टेंबरअखेर

चि. ऋषिकेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तू आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलास, वाटेत सारखे बसावे लागले, बाकीचे तासाभरात वर पोहोचले आणि तुला दीड तास लागला, दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि एवढ्यावरून डोंगर चढणे आपल्या शरीराला झेपणारे नाही असा निष्कर्ष तू काढलास. यातला निष्कर्ष सोडून बाकी सगळे मला मान्य आहे. फोनवर हा विषय दोन वाक्यांत संपतो, आणि तो तसा संपावा असे मला वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या दीड तासाचा हिशेब करू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात लागणाऱ्या वेळेचा एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरला जातो. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. आतकरवाडीहून गडापर्यंतचे अंतर जेमतेम पावणेतीन किलोमीटर असले तरी चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. म्हणजे अंतराचा अर्धा तास आणि चढाचा एक तास, असा दीड तास होतो. आणि हा वेळ चालण्याची सवय असलेल्या धडधाकट माणसासाठी धरलेला आहे. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणारा तू, बसत-उठत का होईना, तेवढ्याच वेळात वर पोहोचलास. तुझ्यात ताकद आहे, पण मित्रांच्या बरोबरीने चालण्याच्या ईर्षेत ती तू पहिल्या वीस मिनिटांतच खर्च करून टाकलीस.

धाप लागते त्यामागचे कारण साधे आहे. स्नायूंना जेवढा प्राणवायू हवा असतो तेवढा हृदय आणि रक्तवाहिन्या पोहोचवू शकल्या नाहीत, की स्नायू प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करण्याचा मार्ग धरतात. तो मार्ग वेगवान असला तरी फार वेळ चालत नाही. श्वास फुलतो, पाय जड होतात आणि बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही मर्यादा ओलांडली जाते आहे की नाही हे ओळखायला मनगटावरच्या घड्याळाची गरज नाही. चढताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, मात्र गाणे म्हणता येऊ नये. एवढ्या श्रमाला मध्यम श्रम म्हणतात आणि नव्याने चढू लागलेल्या माणसाने पहिले काही महिने तेवढ्यातच राहावे. वाक्य मध्ये तुटू लागले की वेग कमी करायचा, मग पुढचे कितीही पुढे जावोत. या वेगात चढत राहिलास तर काही आठवड्यांत हृदय दर ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे वाढते आणि त्याच चढावर तेच वाक्य न अडखळता पुरे होते.

पुढच्या वेळी सिंहगडावर गेलास की डोक्यावर दह्याची पाटी घेऊन चढणाऱ्या पायथ्याच्या वाडीतल्या बायकांच्या पायांकडे नीट पाहा. पाऊल लहान असते, तळवा पूर्ण टेकतो, टाच कुठे अधांतरी राहत नाही, आणि चढ तीव्र झाला की पाऊल आणखी लहान होते, मात्र लय बदलत नाही. तीव्र जागी त्या सरळ वर न जाता वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरक्या जातात. तरणी पोरे त्यांना मागे टाकून उड्या मारत जातात आणि पुढच्या वळणावर दगडावर बसलेली दिसतात. त्या बायका त्यांच्या पुढून निघून जातात. चढण्याची पद्धत शिकायची तर ती त्यांच्याकडून शिकावी, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य मुद्दा. तुला डोंगरावर कशासाठी जायचे आहे हे आपण दोघेही जाणतो. तुझ्या आजोबांना मधुमेह होता, बाबांना आहे, आणि तुझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेच्या तपासणीचा आकडा, ५.७ ते ६.४ टक्के या मधुमेहपूर्व टप्प्यात आले आहे. शिवाय आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची जी मर्यादा डॉक्टर सांगतात, ती तू ओलांडली आहेस. यावर चढणे हा फार चांगला उपाय आहे, कारण मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू असून चढावर सगळा भार त्यांच्यावर येतो. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि चालणे थांबल्यावरही साधारण एक-दोन दिवस इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो. त्यानंतर मात्र तो लाभ ओसरत जातो. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नका, असे मधुमेहाचे डॉक्टर बजावतात. तू महिन्यातून एका रविवारी गड चढलास, दुखणे घेऊन आलास आणि उरलेला महिना खुर्चीत बसलास, तर छायाचित्रे उत्तम येतील, पण रक्तातल्या साखरेला त्याचा पत्ताही लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करायला सांगते, आणि ती मिनिटे आठवडाभर विखुरलेली असणे तुझ्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे.

म्हणून माझे सांगणे असे आहे की, पुढचे दोन-तीन महिने गडाचे नाव काढू नकोस; टेकडीवर जा. तू कोथरूडला राहतोस, वेताळ टेकडी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ती टेकडी पुण्यातले सर्वांत उंच ठिकाण आहे, आणि अशी जागा दाराशी असताना माणसे व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरून सरकत्या पट्ट्यावर चालतात याचे मला फार वाईट वाटते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन दिवस ठरवून टाक, उजाडताना घराबाहेर पड, वेताळाच्या देवळापर्यंत जा आणि परत ये. पहिल्या पंधरवड्यात पूर्ण चढ झाला नाही तरी चालेल. पाऊण तास चालणे झाले पाहिजे. मधल्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे सोसायटीतच फेऱ्या मार, कारण जेवल्यावर चढणारी साखर त्याने कमी चढते. मुग्धालाही बरोबर ने. बोलत चालायचे तर बोलायला माणूस हवे, आणि तिलाही दिवसभर बसूनच काम असते.

जिना उतरताना तुला जे दुखले त्याने घाबरून जाऊ नकोस. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचे वजन तोलून धरतो, आणि अशा कामाची सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. त्यामुळे दुखणे त्याच दिवशी फारसे जाणवत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळते. तेच काम थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा केले की दुखणे पुष्कळ कमी होते, म्हणजे उताराचीही सवय लावता येते आणि ती टेकडीवर सहज लागते. उतरताना गुडघे किंचित वाकलेले ठेव, पाऊल लहान टाक, टाचा आपटत उतरू नकोस आणि हातात काठी असू दे. काठीने गुडघ्यावरचा भार कमी होतो. ती म्हाताऱ्यांची वस्तू आहे असे तुझ्या मित्रांना वाटत असेल तर वाटू दे.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नीट ध्यानात घे, कारण नवखी माणसे नेमकी इथेच फसतात. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांध्यांचे अस्थिबंध यांना मात्र बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. महिना-दीड महिना झाला की दम लागेनासा होतो, उत्साह वाढतो, माणूस एकदम दुप्पट अंतर मारतो आणि मग गुडघा किंवा टाच धरून घरी बसतो. पांडवलेण्याला सकाळी येणाऱ्या आमच्या मंडळात असे कितीतरी जण आले आणि दिसेनासे झाले. त्यांच्यात उत्साहाची कमतरता अजिबात नव्हती. दर आठवड्याला थोडे थोडेच वाढव, आणि ज्या आठवड्यात चढ वाढवशील त्या आठवड्यात अंतर वाढवू नकोस.

सामानावर फार खर्च करण्याचे कारण नाही. पैसे घालायचे ते बुटांत घाल. सह्याद्रीच्या वाटांवर सुट्या मुरमाचा घसारा असतो आणि गुळगुळीत कातळही असतो, तेव्हा तळ खोल नक्षीचा आणि पकड घेणारा हवा. धावण्याचे मऊ बूट तिथे सटकतात. बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि जे मोजे घालून चालणार आहेस तेच घालून माप पाहा. उतारावर बोटे पुढे आदळता कामा नयेत, एवढी जागा पुढे असली पाहिजे. सुती मोजे घामाने ओले होऊन फोड आणतात, म्हणून ते नकोत. गडावर जाताना माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि लिंबू-मीठ-साखर जवळ ठेव. वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खुशाल खा. कांदाभजी मात्र सगळ्यांत मिळून एक प्लेट पुरे, नाहीतर चढून जेवढे कमावले तेवढे तिथेच परत येते.

दसऱ्याच्या सुटीत मित्र कळसूबाईला निघाले आहेत, त्यांना या वेळी नकार दे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच असून बारी गावाकडून तिचा चढ सिंहगडाच्या साधारण दीडपट आहे. शिवाय नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची लोखंडी शिड्यांवर दाटी असते आणि पावसाने कातळ अजून ओला असतो. डोंगर कुठे जात नाही. टेकडी बोलत बोलत चढता येऊ लागली की नोव्हेंबरमध्ये लोहगडाला जा. २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे, लोणावळा लोकलने मळवलीला उतरून पायीच जाता येते, आणि वाडीपासून वर जाणाऱ्या पायऱ्या प्रशस्त आहेत. एकामागून एक वळत जाणारे दरवाजे पाहत चढलास की दम घ्यायला निमित्तही मिळते. त्यानंतर तिकोना, मग पुन्हा सिंहगड, आणि सगळे सुरळीत चालले असेल तर हिवाळा संपण्याआधी कळसूबाई. गडावर अत्तर किंवा तीव्र वासाचे काही लावून जाऊ नकोस, कड्याखाली धूर करू नकोस. आग्यामोहोळ उठले तर पळायला जागा नसते. मळलेली वाट सोडून ढोरवाटेने जवळचा मार्ग काढू नकोस, आणि किती वाजता परतणार आहेस ते मुग्धाला सांगितल्याशिवाय निघू नकोस.

हे सगळे सुरू करण्याआधी डॉक्टरांची भेट मात्र टाळू नकोस. घरात मधुमेह आहे, तुझे काम बसून आहे, तेव्हा रक्तदाब आणि हृदयाची कोणती तपासणी करायची ते त्यांना ठरवू दे. चढताना छातीवर दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, गरगरले किंवा अकारण थंड घाम सुटला, तर तिथेच थांबायचे, बरोबरच्यांना सांगायचे आणि १०८ ला फोन करायचा. अशा वेळी पित्त समजून चढत राहण्यात शौर्य नाही.

दिवाळीला तुम्ही याल तेव्हा आपण रामशेजला जाऊ. आशेवाडीपासूनचा चढ सोपा आहे, मीही येईन आणि बाबांना पायथ्याच्या देवळापर्यंत तरी नेऊ. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते, म्हणून ती मधेच करून घेण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टेकडी सुरू केलीस तर जानेवारीत करून घे आणि अहवाल मला पाठव. कमरेचे माप आज घेऊन लिहून ठेव. डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली ते रविवारच्या फोनवर सांग.

मुग्धाला आशीर्वाद.

तुझी,
आई