गाडीचे शॉकअप उतरवायला शिकवणाऱ्या काकांचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून कळवते आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आमच्या छोट्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे लोखंडी हात) मी घरच्या अंगणात सुखरूप उतरवले, ते तुम्ही शेजारी उभे होतात म्हणून.

रत्नागिरीची खारी हवा आणि एवढा पाऊस, त्यात खालचे नटबोल्ट गंजून एकजीव झाले होते. तुम्ही आदल्या संध्याकाळीच उघडे आटे तारेच्या ब्रशने घासून घेतलेत, गंज सोडवणारं तेल मारायला लावलंत आणि रात्रभर पाना हातात घेऊ दिला नाहीत. अंगण जांभ्याचं, चिऱ्यात जॅकचं बूड रुतेल हे मला सुचलंच नसतं. तुम्ही घरून जाड फळ्या आणल्यात. मागच्या चाकांना ठोकळे, फळ्यांवर लोखंडी घोड्या, घोड्यांवर गाडी. जॅक फक्त उचलण्यापुरता. मग गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिल्यावरच मला खाली वाकायला परवानगी!

एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर आयुष्य गेलं तुमचं, पण या गाडीचा बोल्ट न बोल्ट तुम्हाला ठाऊक. आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा, म्हणजे गोळ्याच्या सांध्याचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो सांध्याच्या दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढायचा, हे तुम्ही सांगितलंत म्हणून हातोड्याचे घाव वाचले. शॉकअपच्या तळाचे बोल्ट सोडण्याआधी त्यांच्या जागेवर रंगाने खुणा करून घेतल्यात. नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं ती लोखंडी बैठक, तारेने बांधून ठेवायला लावलीत, कारण तिचा भार ब्रेकच्या नळीवर येता कामा नये आणि ती बाहेर झुकली तर चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटू शकतो.

पण सगळ्यात मोठं ऋण त्या मधल्या नटाचं आहे. बॉनेट उघडलं की शॉकअपच्या डोक्यावर तोच पहिला दिसतो, आणि कुणालाही वाटेल की इथूनच सुरुवात करावी. "कडेचे काढ. मधल्याला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणालात, आणि कारणही सांगितलंत: चाक लोंबतं असलं तरी आतली स्प्रिंग दाबलेलीच असते, आणि तो नटच तिला धरून असतो. स्प्रिंग न बांधता तो सोडला तर ती माणसाचा हात, चेहरा, काहीही बघत नाही. शेजारून कुणीतरी स्प्रिंग दाबून धरायचे स्क्रूवाले आकडे आणून दिले, तर त्यांचे झिजलेले आटे तुम्ही मला बोटाने चाचपायला लावलेत आणि ते परत पाठवलेत. अख्खा शॉकअप घरी उतरवायचा, स्प्रिंग मात्र पक्क्या प्रेसवरच सोडायची, ही रेघ तुम्ही आखलीत. अंगणात गाडी खोलणाऱ्या प्रत्येकाला ही रेघ माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. मग दोन्ही शॉकअप घेऊन रिक्षाने तुमच्या ओळखीच्या गॅरेजात तुम्ही स्वतः आलात. आर्मच्या सांध्यातले रबरी बुशही तिथेच दाबून बसवले.

जोडताना स्वतः आवळणारे नट नवे घेतले. बुशचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चारही चाकांवर उभी राहिल्यावर, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हेही तुमच्याकडूनच कळलं. चाकांचं अलाइनमेंट करून आणलं आहे. खड्ड्यात पुढून येणारा खडखडाट गेला, आई आता पुढच्या सीटवर निवांत बसते.

आणि काका, एवढ्या सगळ्यात तुम्ही एकदाही "सरक बाजूला, मी करतो" म्हणाला नाहीत. पाना शेवटपर्यंत माझ्याच हातात राहिला. त्याचे आभार कसे मानू?

मागचे शॉकअप पावसाळ्याआधी काढायचे आहेत. तुम्हाला मोकळीक असेल त्याच रविवारी काम काढीन. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची शेजारीण