‘मराठीतच सांग की’ म्हणणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठे लिहू नये, असे आपण बजावले आहे. म्हणून बेळगावच्या उद्यमबागेत विजेच्या मोटारी चालवणारे ड्राइव्ह दुरुस्त करणारे सर, एवढ्याच ओळखीवर हे पत्र लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या तीन पातळ्यांच्या इन्व्हर्टरने, म्हणजे डीसी विजेची एसी करणाऱ्या यंत्राने, मला चार महिने रडवले होते. सिम्युलेशनमध्ये प्रवाहाची लाट आखून काढल्यासारखी येई आणि यंत्रावर तीच लाट करवतीच्या दात्यांसारखी दिसे. आधी ज्यांच्याकडे गेले, त्यांतल्या एकांनी ऑसिलोस्कोपकडे न पाहताच ‘वेटिंग फॅक्टर बदलून बघा’ (म्हणजे कोणत्या चुकीला किती वजन द्यायचे तो आकडा) म्हणून वाटेला लावले. दुसऱ्यांनी प्रेडिक्टिव्ह कंट्रोलचा, म्हणजे पुढचे भाकीत करून यंत्र चालवण्याच्या पद्धतीचा, नाद सोडण्याचा सल्ला दिला. माझे कुठे चुकते आहे, हे ऐकून घ्यायला दोघांकडेही दहा मिनिटे नव्हती, याचे दुःख अजून गेलेले नाही.

आपण माझी इंग्रजी फाइल मिटून बाजूला ठेवलीत. आपली मातृभाषा कन्नड. तरी म्हणालात, ‘निवांत बस, आणि मराठीतच सांग की.’ सर, हा विषय मराठीत सांग, असे मला तोवर कोणीही म्हटले नव्हते.

मग मी सांगत गेले. तीन फेजांपैकी प्रत्येकीला धन, शून्य आणि ऋण अशा तीन जागा, म्हणून एकूण २७ अवस्था; त्यांतून वेगळे व्होल्टेज सदिश १९च निघतात, पण लहान सदिश देणाऱ्या प्रत्येक जोडीतल्या दोन अवस्था दोन कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूचे व्होल्टेज परस्परविरुद्ध दिशांना सरकवतात, आणि त्यांतली योग्य ती निवडूनच दोन्ही कपॅसिटर समतोल राहतात. माझा प्रोग्रॅम दर १०० मायक्रोसेकंदांनी प्रवाह मोजतो, प्रत्येक अवस्थेने पुढच्या क्षणी काय होईल याचे भाकीत करतो आणि जिचे कॉस्ट फंक्शन, म्हणजे चुकांची गोळाबेरीज, सर्वांत कमी, ती अवस्था लावतो.

‘कधी लावतो?’ आपण एवढेच विचारलेत.

मी अडखळले ती तिथेच. डीएसपीचे, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या चिपचे, गणित संपेपर्यंत प्रवाह पुढे सरकलेला असे आणि निवडलेली अवस्था एक पाऊल उशिरा लागू होई. सिम्युलेशनमध्ये गणिताला वेळच लागत नव्हता, म्हणून तिथे सारे सुरळीत होते. सध्या लागू असलेल्या अवस्थेवरून आधी पुढच्या क्षणाचा प्रवाह काढायचा आणि २७ अवस्थांची तुलना त्याच्याही पुढच्या क्षणासाठी करायची, एवढाच बदल केला आणि लाटेवरचे दाते बसले.

उत्तर आपल्याला पडदा पाहताच कळले असावे, असे आता वाटते. तरी आपण ते माझ्या तोंडून येऊ दिलेत. आमच्या या सीमाभागात भाषेवरून मने किती दुखावली आहेत, हे आपण माझ्याहून अधिक पाहिले असेल. अशा ठिकाणी एका कन्नड माणसाने मराठी मुलीला तिच्याच भाषेत विचार करायला बसवावे, हा चांगुलपणा मला त्या दुरुस्तीहूनही मोठा वाटतो.

प्रबंधातले विलंबाचे प्रकरण मी आधी मराठीत लिहून काढले आहे. येत्या शनिवारी त्याची प्रत आणि नव्या लाटेचे चित्र घेऊन मी येईन.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी