हीटर कुठला घेऊ विचारलं आणि तुम्ही छत बघायला आलात, काका मनापासून थँक्यू

काका,

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं ते राहू दे, दरवाजा नीट बसतोय ना" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण असं की गेल्या हिवाळ्यात तुम्ही मला जे शिकवलंत ते कमी पैशात गॅरेजमधे वर्कशॉप उभं करू बघणाऱ्या कुणालाही लागेल, आणि ते माझ्या एकटीच्या वहीत पडून राहावं असं मला वाटत नाही.

मी विचारलं होतं एवढंच की गॅरेज गरम करायला कुठला हीटर घेऊ. तुम्ही हीटरबद्दल एक शब्द बोलला नाहीत. छताला आतून काही लावलंय का, दरवाजा खाली जमिनीला टेकतो का, लादी ओली होते का, एका वेळी किती तास काम करणार, हेच विचारत राहिलात आणि मग टेप घेऊन स्वतःच आलात. प्लायच्या एका तुकड्यावर पेन्सिलने तुम्ही जो हिशोब मांडलात तो मी बेंचच्या वर भिंतीला स्क्रूने लावून ठेवलाय. गॅरेज 18 चौरस मीटर, बाहेर 3 अंश, आत 18 हवेत, म्हणजे फरक 15 चा. नुसत्या पत्र्यातून एका चौरस मीटरला एका अंशामागे साधारण 6 वॅट बाहेर जातात, म्हणजे एकट्या छतातून 1600 वॅटच्या वर. आणि त्याच छताला आतून 100 मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून केलेलं लोकरीसारखं ऊल) बसवलं की तोच आकडा कागदावर 100 वॅटच्या आसपास येतो. तुम्ही दोन्ही आकड्यांखाली रेघ मारून म्हणालात, "आता सांग, हीटरला पैसे घालायचे का छताला?" त्यानंतर सगळं बजेट मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

पण छताच्याही आधी तुम्ही मला फटी शोधायला लावलंत. अगरबत्ती पेटवून दरवाजाच्या कडेने, खिडकीच्या चौकटीने, भिंत आणि पत्रा जिथे मिळतात तिथून हळूहळू फिरवायला सांगितलंत. बाकी सगळीकडे धूर सरळ वर जात होता आणि दरवाजाच्या डाव्या कोपऱ्यात खाली आल्यावर तो एकदम आडवा होऊन आत वळला, तिथे हात धरला तर बोटांना गार वारं लागत होतं, आणि बघायला गेलं तर फट करंगळीएवढीसुद्धा नव्हती. असं प्रत्येक ठिकाणी खडूने खूण करत गेलो आपण. लहान फटीत सिलिकॉन, मोठ्यात स्प्रे फोम, दरवाजाच्या खाली रबराची पट्टी आणि बाजूंना ब्रशवाली पट्टी, सगळ्या कामात सगळ्यात कमी खर्च यालाच आला आणि फरक त्याच संध्याकाळी कळला. फटी तशाच ठेवून ऊल भरणं म्हणजे खिडकी सताड उघडी टाकून पांघरूण घेणं, हे तुमचं वाक्य मी आता जो विचारेल त्याला ऐकवते. घर आणि गॅरेजमधली सामाईक भिंत, तिच्यातलं दार, पाइपांची भोकं पण तेवढीच कडक बंद करायला लावलीत ते थंडीसाठी नाही, तर गाडीचा धूर आणि रंगाचा वास घरात शिरू नये म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, त्यामुळे अलार्म हा बजेटमधून कापायचा आयटम नाही असं म्हणून तुम्ही यादीत तो सगळ्यात वर लिहिलात.

छताच्या कामाबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण ती सहसा कोणी सांगत नाही. ऊल पत्र्याला चिकटवून दाबून बसवायचं नाही, मधे हवा खेळायला जागा सोडायची, आणि थंड भागात प्लास्टिक शीट नेहमी आतल्या म्हणजे गरम बाजूला लावायची. नाहीतर आतली दमट हवा ऊलमधून वर जाते, गार पत्र्याला लागून तिथे पाणी होतं आणि ते पाणी ऊलमधेच मुरतं. ओलं ऊल ऊब धरत नाही. आणि दाबलेलं पण नाही, कारण ऊब धरते ती धाग्यांत अडकलेली हवा, तीच पिळून काढली तर उरलं काय. भिंतींना आपण स्वस्तातला थर्माकोल लावला, पण तो उघडा ठेवायचा नाही, आग लागली तर भरभर पेटतो आणि धूर वाईट, म्हणून त्यावर 12 मिलिमीटर जिप्सम बोर्ड. तिथे मी पैसे वाचवू बघत होते आणि तुम्ही ठाम नाही म्हणालात, त्याबद्दल वेगळं थँक्यू.

दरवाजाचं तर मला आयुष्यात सुचलं नसतं. वर सरकणारा पत्र्याचा दरवाजा, त्याला आतून 25 मिलिमीटरचा फोम चिकटवायचा, सोपं काम वाटतं. तुम्ही आधी मोटरपासून दरवाजा सोडवलात, हाताने अर्ध्यावर उचललात आणि सोडलात, तो जागच्या जागी थांबला. म्हणालात, स्प्रिंग दरवाजाच्या वजनाला तोलून बसवलेली असते, आता तू वजन वाढवणार म्हणजे तो तोल जाणार, मग मोटर ओढून ओढून मरेल नाहीतर दरवाजा धाडकन खाली येईल. म्हणून हलक्यातला फोम निवडला, लावून झाल्यावर पुन्हा तीच परीक्षा घेतली, दरवाजा किंचित खाली सरकत होता तर स्प्रिंगला आपण दोघांनीही हात लावला नाही, त्या कामाचा माणूस बोलावला. त्या वरच्या दांड्यावरच्या स्प्रिंगमधे इतका ताण असतो की चुकीच्या हाताने सैल करताना पाना उडून माणूस जायबंदी होतो. तुम्हाला एवढं सगळं येत असून तुम्ही तिथे मागे सरलात हे मी नीट बघून ठेवलंय.

जमिनीचं तुम्ही झटपट मिटवलंत. पूर्ण लादी झाकायचा खर्च नको, जिथे तू तासनतास उभी राहणार तेवढीच झाक. बेंचच्या पुढे प्लास्टिक शीट, वर 25 मिलिमीटरचा कडक फोम बोर्ड, वर 18 चा प्लाय, बस. जड मशीन सरळ काँक्रीटवर. पाय गार पडले नाहीत तर हवा दोन अंश कमी असली तरी चालते, हे रोज अनुभवतेय.

आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, हीटर. तोपर्यंत गरज इतकी कमी झाली होती की मोठ्या हीटरचा विषयच संपला. गॅसचा उघड्या ज्योतीचा हीटर स्वस्तात मिळत होता, त्यावर तुम्ही फक्त एक हिशोब सांगितलात की 1 किलो गॅस जळला की साधारण 1.6 किलो पाणी वाफ होऊन त्याच खोलीत सोडतो. वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका, वर हवेत लाकडाचा बारीक भुसा. ते पाणी जाणार कुठे, तर सगळ्यात गार वस्तूवर, म्हणजे माझ्या टेबल सॉच्या (टेबलात गोल पातं बसवलेल्या करवतीच्या) बिडाच्या टेबलावर आणि रंध्याच्या पात्यांवर. 20 अंशाची हवा 50 टक्के दमट असली तरी 9 अंशाच्या आसपासच्या लोखंडावर तिला पाणी सुटतं. तेव्हापासून मी टेबलाला मेण घासून ठेवते आणि गंजाचा एक ठिपका नाही.

विजेच्या हीटरमधे महाग स्वस्त असा फार फरक नाही हे पण तुमच्याकडूनच कळलं. 2000 वॅटचा कुठलाही रॉडवाला हीटर 2000 वॅटच ऊब देतो, डबा कितीही चकचकीत असो. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं यंत्र, तेवढ्याच विजेत दुप्पट तिप्पट देतो खरं, पण आधीचा खर्च मोठा, तो दिवसभर काम करणाऱ्याने घ्यावा. मी संध्याकाळी काही तास असते, म्हणून थर्मोस्टॅटवाला ऑइल हीटर आणि बेंचच्या वर एक इन्फ्रारेड पॅनल, जो हवेपेक्षा आधी माणसाला आणि लाकडाला ऊब देतो. दोन्हीत लालभडक काही दिसत नाही आणि भुसा आत ओढणारा फॅन नाही. तरी त्यांच्यावरचा भुसा रोज पुसायचा हा तुमचा नियम आहेच. पॉलिश किंवा थिनर काढलं की हीटर बंद, गॅरेजचा दरवाजा उघडा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेटू शकतात, बाहेर पसरून वाळवायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते, म्हणून गाडी उभी राहते त्या गॅरेजात ठिणगी पडेल असं काहीही जमिनीपासून निदान 45 सेंटिमीटर वर. हे सगळं तुम्ही न ओरडता, न घाबरवता, हातातलं काम चालू ठेवून सांगत होतात.

वायरिंग मात्र लायसनवाल्याकडूनच, यावर तुम्ही अडून बसलात. 230 व्होल्टवर 2000 वॅटचा हीटर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, सॉ सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढते, दोन्ही एका लाइनवर आले की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारं बटण) पडणार. पण मला खरं पटलं ते दिव्यांचं कारण. दिवे वेगळ्या लाइनवर हवेत, कारण एमसीबी पडला तरी पातं लगेच थांबत नाही, आणि फिरत्या पात्यापाशी हात असताना अंधार होऊन चालत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि किती लोकांनी केलेली असते?

बेंचबद्दल थोडक्यात, 18 चे दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून 36 ची जाडी, पाय जुन्या लाकडाचे, उंची मी ताठ उभी राहिले की मनगटाच्या रेषेला येईल एवढी. पॅलेटचं लाकूड घेताना एचटी शिक्का बघायचा म्हणजे ते उष्णतेने ट्रीट केलेलं, एमबी असेल तर सोडून द्यायचं, ते मिथाइल ब्रोमाइडचं. त्या दिवशी प्लाय चिकटवायची माझी घाई चालली होती, हवा छान गरम झाली होती, आणि तुम्ही प्लायवर तळहात ठेवून म्हणालात "लाकूड अजून गार आहे, उद्या कर." पांढरा ग्लू साधारण 10 अंशाच्या खाली नीट धरत नाही, वाळला की पांढरी भुकटी होते आणि सांधा कच्चा राहतो, आणि ती 10 अंश नुसत्या हवेत असून भागत नाही, लाकडातही लागतात. रात्रभर प्लाय आणि ग्लू दोन्ही घरात ठेवले, दुसऱ्या दिवशी क्लॅम्प मारले. तो टॉप आजपर्यंत कुठे उकलला नाही, गुनिया लावला तरी उजेड दिसत नाही.

काका, तुम्ही यातल्या कशाचेच पैसे घेतले नाहीत, ते माहीत आहे मला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की प्रत्येक वेळी तुम्ही हत्यार माझ्या हातात दिलंत आणि शेजारी उभे राहिलात. फोम मीच कापला, ऊल मीच भरलं (मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय तुम्ही आत येऊ दिलं नाहीत), त्यामुळे आज भिंतीच्या आत कुठे काय आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं, आणि काही बिघडलं तर मी दुरुस्त करू शकते.

आता पुढचा प्रश्न भुशाचा आहे. बाहेर हवा फेकणारा फॅन बसवायचा विचार होता, पण तुमच्याच पद्धतीने पेन्सिल घेऊन बसले. ताशी 500 घनमीटर हवा फेकणारा फॅन आपलं 45 घनमीटरचं गॅरेज साडेपाच मिनिटांत रिकामं करतो, आणि 15 अंशांच्या फरकाला त्या हवेबरोबर जाणारी ऊब 2500 वॅटच्या घरात येते, म्हणजे छताला वाचवलं ते सगळं जाऊन वर आणखी. तेव्हा भुसा मशीनपाशीच ओढून घ्यायचा, हवा बारीक फिल्टरमधून गाळून आतच सोडायची, आणि बाहेरचा फॅन फक्त पॉलिशच्या वेळी, असं चित्र काढलंय. पाइपाचं वळण कुठे द्यायचं तिथे अडलेय. रविवारी वेळ असेल तर या, चित्र बेंचवर पसरून ठेवते, आणि तुम्ही यायच्या आधी तासभर हीटर लावून गॅरेज गरम करून ठेवते.

तुमची,
शेजारची सुतारीण