जमिनीवरची यंत्रणा मोडीत काढू नका

दिल्ली विमानतळावर उतरणाऱ्या काही विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेत मान्य केले, त्यासंबंधी हे पत्र. त्या उत्तरातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपग्रहाच्या आधारे धावपट्टी क्रमांक १० वर येणाऱ्या विमानांना अडचण आली. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरून संकेत देणारी पारंपरिक दिशादर्शक यंत्रणा सुरू होती, तिथली वाहतूक सुरळीत राहिली.

उपग्रह दिशादर्शनाला माझा विरोध नाही. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या 'गगन' या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या मदतीने एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे प्रवासी विमान उतरले. महागडी उपकरणे न परवडणाऱ्या छोट्या विमानतळांसाठी ही मोठीच सोय आहे. पण 'गगन' जीपीएसमधील चुका दुरुस्त करते, त्याला पर्याय ठरत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येणारा जीपीएसचा संकेत इतका क्षीण असतो की जमिनीवरचा साधा प्रक्षेपकही त्याला झाकोळून टाकतो. त्याच्या जागी खोटा संकेत पाठवला, की वैमानिकाच्या पडद्यावर विमान भलत्याच ठिकाणी दिसते, घड्याळ चुकते, कधी जमीन जवळ आल्याचा खोटा इशाराही वाजतो. तोही नेमका उतरण्याच्या घाईत!

म्हणून धावपट्टीवरची यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असेल, तर पर्यायी भू-यंत्रणा आधी सज्ज असावी, असा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने करावा. खर्चाचे कारण देऊन जमिनीवरची जुनी दिशादर्शक केंद्रे बंद करू नयेत.

– एक वाचक, पुणे