तापलं म्हणून ताप वाढेलच असं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलामुळे डासांचे आजार वाढणार, अशा बातम्या संगणकीय मॉडेलांच्या हवाल्याने वारंवार येतात. सोबत लालभडक नकाशा असतो. पण हवामान त्या गणितात नेमकं कुठे शिरतं, हे क्वचितच सांगितलेलं असतं.

हिवतापाचंच घ्या. रोग्याचं रक्त प्यायलेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही. परजीवी आधी त्याच्या शरीरात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोचावा लागतो. फॅल्सिपॅरम जातीच्या परजीवीला त्यासाठी 20 अंश सेल्सिअसला साधारण 28 दिवस लागतात, 25 अंशांना 12. आता रोज दहातला एक डास मरतो असं धरा. 12 दिवसांनी शंभरातले 28 डास जिवंत असतील, 28 दिवसांनी जेमतेम 5. डास तेवढेच, फरक फक्त पाच अंशांचा! ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये डासात हा परजीवी शोधला आणि पुढे प्रसाराचं गणितही मांडलं. डासाच्या आयुर्मानाला त्यात मध्यवर्ती जागा दिली ती हिवतापाचे ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी, 1950 च्या दशकात. आजची बरीच मॉडेलं याच पायावर उभी आहेत.

मात्र उष्मा फार वाढला की डासही लवकर मरतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिवतापाच्या प्रसाराला सर्वांत अनुकूल तापमान 25 अंशांच्या आसपास निघालं. आधीची मॉडेलं ते 31 धरत होती. म्हणजे थंड डोंगराळ भागात हिवताप वाढेल, तर आधीच होरपळणाऱ्या प्रदेशात तो कमीही होऊ शकेल. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला 29 अंश मानवतात, त्यामुळे दोन्ही आजारांना एकच नकाशा लावणं चूकच.

पाऊस तर याहून फसवा. मुसळधार पावसात अळ्या वाहून जातात. उलट टंचाईत लोक पाणी साठवतात आणि एडिसला घरातच जागा मिळते. शिवाय हवामान केंद्राचा तापमापक मोकळ्या जागेवरच्या पेटीत असतो, डास मात्र अनेकदा घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेला असतो. दिवसरात्रीचा चढउतार सोडून नुसती मासिक सरासरी घेतली, तरी उत्तर बदलतं.

म्हणून मॉडेलं निरुपयोगी आहेत, असं मुळीच नाही. पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टीने सखल जागा पाण्याखाली गेल्या की मातीतली एडिस गटातल्या दुसऱ्या डासांची अंडी फुटतात आणि रिफ्ट व्हॅली ज्वराची, म्हणजे गुराढोरांना आणि माणसांनाही होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, साथ येते. हा धागा पक्का ठाऊक असल्यामुळेच समुद्राचं तापमान, पाऊस आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांवरून 2006 च्या अखेरीस आलेल्या साथीची पूर्वसूचना काही आठवडे आधी देता आली.

आपल्याला विनंती, की असे अंदाज छापताना डास कोणता, परजीवी किंवा विषाणू कोणता, तापमान रोजचं की सरासरी, पाणीसाठवण हिशेबात घेतली का आणि अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो, एवढं तरी द्यावं. आरोग्य यंत्रणांनीही भागवार रुग्णसंख्या दर आठवड्याला खुली करावी, यासाठी आपण पाठपुरावा करावा. ती आकडेवारी नसेल तर मॉडेल बरोबर आलं की चुकलं, हे कोणालाच तपासता येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक