गिटार शिकवण्याआधी तारांची उंची मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गिटार शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आलेल्या लेखात ‘सुरुवातीला बोटे दुखणारच, नेटाने सराव करा’ असा सल्ला होता. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला काही आठवडे लागतात आणि तोवर थोडी चुरचुर होते, हे खरेच आहे; परंतु अनेक गिटारी, विशेषतः स्वस्तातल्या, दुकानातून येतानाच तारा मानेपासून फार उंच, म्हणून दाबायला जड, असलेल्या असतात आणि नवशिक्याला ते ओळखता येत नाही, याचा त्यात उल्लेखही नव्हता.

माझी पहिली गिटार अशीच होती. सहा महिने ‘एफ’ कॉर्ड (तर्जनी आडवी टेकवून धरायचा स्वरसमूह) धरताना पहिल्या दोन तारा बद्द वाजत, तर्जनीवर तारांचे वळ उठत आणि माझे शिक्षक ‘हाताला अजून जोर नाही’ असे म्हणत. मलाही ते पटले होते, याचे आज फार वाईट वाटते. अखेरीस वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर राहिलेली फट मला दाखवली. जिथे पातळ कागद जेमतेम सरकावा, तिथे जाड पुठ्ठा सहज जात होता. त्याने नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा बारीक कानशीने किंचित खोल केल्या, सॅडल, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाखालची पट्टी, खालून थोडी घासली, आणि त्याच संध्याकाळी माझा ‘एफ’ स्वच्छ वाजला.

ही तपासणी कोणालाही करता येते. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर ते जाड तारेखाली सुमारे 2.5 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटरच्या आसपास असले, तर हात सुखाने चालतो. नायलॉनच्या तारांना 4 आणि 3 मिलिमीटर चालतात, कारण त्यांचा ताण मुळातच कमी असतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावताच कॉर्ड एकदम सोप्या वाटू लागल्या, तर दोष बहुधा नटचा असतो. तारा वाजवीपेक्षा खाली आणल्या की त्या फ्रेटवर थरथरतात, म्हणून घासण्याचे काम जाणत्या हातानेच करावे. दुरुस्ती होईपर्यंत 0.012 इंचाऐवजी 0.010 इंचाच्या तारांचा संच लावला, किंवा सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या, तरी बोटांना बराच आराम मिळतो.

बसण्याची पद्धतही पाहायला हवी. बोटे कुठे पडतात ते दिसावे म्हणून नवशिका गिटार स्वतःकडे कलती धरतो. त्यामुळे मनगट मुडपते आणि बोटांचा अर्धा जोर तिथेच वाया जातो. गिटारचा दर्शनी भाग न कलता सरळ उभा ठेवून तार फ्रेटच्या लगेच मागे दाबली, की निम्म्या जोरात सूर मोकळा होतो. दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन बैठका एका सलग तासापेक्षा बऱ्या. टोकांची चुरचुर सोसावी. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली, तर मात्र लगेच थांबावे.

म्हणून विक्रेत्यांनी गिटार हाती देण्याआधी आणि शिक्षकांनी पहिल्याच तासाला तारांची उंची तपासावी, आणि शिष्याच्या बोटांना नावे ठेवण्यापूर्वी त्याची गिटार स्वतः वाजवून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक